सोबत नेता येईल एवढंच : मराठवाड्यातल्या शब्बाथ शाळेत नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी तुम्हाला बाजूला बोलावलं, "पुढच्या रविवारपासून लेकरांचा वर्ग तुम्ही घ्या" म्हणाले, आणि तुम्ही हो म्हणून आलात. आता घरी पवित्र शास्त्र (बायबल) उघडून बसलात, तर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत (चर्चमध्ये) सतरा वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे लेकरांचा रविवारचा वर्ग, घेते. पहिली दोन वर्षं मी धडे संपवत होते. लेकरांकडून नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची नावं पाठ करून घेतली, दहा आज्ञा घेतल्या, बारा प्रेषित घेतले. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी एक नऊ वर्षांची मुलगी वर्ग सुटल्यावर दारात थांबली. दुसऱ्या दिवशी तिचे मायबाप ऊसतोडीला निघणार होते आणि ती लहान भावाला सांभाळायला सोबत चालली होती. तिने विचारलं, "बाई, तिकडं मी काय म्हणू?" पहाटे अंधारात मायबाप फडात जातात, कोपीत (झोपडीत) ती आणि भाऊ दोघंच असतात, भीती वाटते, तेव्हा काय म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं. सत्तावीस पुस्तकांची नावं तिला न अडखळता येत होती. त्या अंधारात म्हणण्यासारखं मात्र मी तिला काहीच दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून प्रत्येक धडा निवडताना मी एकच गोष्ट बघते: हे लेकरू पुस्तकाशिवाय, चर्चशिवाय, माझ्याशिवाय सोबत नेऊ शकेल का? पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी गावाचं वर्ष मांडा, मग धडे

नवी वही घ्या आणि पहिल्या पानावर बारा महिने लिहा. जूनपासून दिवाळीपर्यंत लेकरं गावात असतात. मृगाचा पाऊस पडला की पेरणीच्या दिवसांत मोठी मुलं येत नाहीत. कापूस फुटला की वेचणीला मुली जातात. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार ट्रॅक्टरमध्ये भरून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे जातात, काही कर्नाटकात जातात, आणि मार्च-एप्रिलला परत येतात. तुमचं गाव बीड, जालना, धाराशिव या पट्ट्यातलं असेल तर वर्गातली किती लेकरं जातात ते आधी मोजा. नांदेड-परभणीच्या शहरी मंडळीत हा आकडा शून्यही असेल, पण तिथेही बदलीच्या नोकऱ्या आणि वसतिगृहात जाणारी मुलं असतातच.

आता त्याच पानावर मंडळीचे सण लिहा. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार. बघा, कोयत्यावर जाणारं लेकरू गावात नसतं नेमक्या त्याच महिन्यांत हे सगळं येतं. बाहेरून छापून आलेल्या पुस्तिकेत बावन्न धडे असतात आणि डिसेंबरच्या धड्यात गव्हाणीचं चित्र असतं. ते चित्र पाहायला तुमची निम्मी लेकरं जागेवर नसतात. म्हणून आम्ही नाताळची गोष्ट ऑक्टोबरमध्ये सांगतो आणि वधस्तंभाची व पुनरुत्थानाची गोष्ट जुलै-ऑगस्टमध्ये. कुणी विचारलं तर सांगा, दिनदर्शिका लेकरांसाठी आहे. डिसेंबरमध्ये मागे राहिलेल्यांना ती गोष्ट पुन्हा सांगायची. एकदा ऐकलेली गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना लेकरांना जास्त आवडते, हे तुम्हाला लवकरच दिसेल.

शब्बाथ शाळेची सुरुवात मुळात कामकरी लेकरांसाठीच झाली होती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी, आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी लिहायला-वाचायला आणि पवित्र शास्त्र शिकवायला जागा करून दिली. तेव्हा फडावरून आलेलं लेकरू वर्गात मागे पडतंय असं वाटलं, की हे आठवा. ही शाळा त्याच्यासाठीच निघाली आहे.

सोमवार ते शनिवार

तयारी शनिवारी रात्री करू नका. सोमवारी गोष्टीचा उतारा मोठ्याने तीनदा वाचा, मनात नव्हे, आवाज काढून. बुधवारी पुस्तक मिटून ती गोष्ट घरातल्या कुणाला तरी सांगा. सासूबाईंना सांगा, शेजारच्या लेकराला सांगा. जिथे अडखळाल तिथे उतारा तुम्हालाच नीट कळलेला नाही. शुक्रवारी हजेरीची वही काढा आणि एकेका नावासाठी प्रार्थना करा. नाव घेताना त्या घरात काय चाललंय ते आठवेल: कुणाचा बाप आजारी आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय. रविवारी त्या लेकराकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. माझ्या मते तयारीतला हाच भाग सगळ्यात मोठा आहे. बाकीचं कमी-जास्त झालं तरी चालतं.

तासाची आखणी

पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं पुरे. बहुतेक खेड्यांत एकच खोली आणि एकच शिक्षक असतो, आणि चार वर्षांच्या पोरापासून चौदा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळी एकत्र बसतात. गोष्ट सगळ्यांना एकच सांगा. त्यानंतर लहानग्यांना चित्र काढायला द्या, मधल्यांना वचन पाठ करायला बसवा आणि मोठ्यांना जवळ घेऊन बोला. मोठ्या मुलींपैकी दोघींना लहानांजवळ बसायला सांगा, पण दर रविवारी त्याच दोघी नकोत. घरी भावंडं सांभाळणाऱ्या मुलीला इथे तरी शिकायला बसू द्या.

गाण्याने सुरू करा. टाळ, ढोलकी, पेटी, जे असेल ते घ्या; काही नसेल तर टाळ्या. मराठी मंडळ्यांत अभंगाच्या चालीवरची भजनं आहेत आणि त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची आहेत. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांनी प्रभूला आपल्याच मातीच्या चालीत गायलं. लेकरांच्या कानावर दिंडीचे टाळ आधीपासून असतात. त्याच लयीत प्रभूचं नाव आलं की ते परकं वाटत नाही.

गोष्ट सांगताना : रूथचे चार रविवार

नव्या शिक्षकाने पहिल्या वर्षी रूथच्या पुस्तकापासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगते. चार अध्याय आहेत, म्हणजे चार रविवार. आणि आपल्या लेकरांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

पहिला रविवार. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडला आणि अलीमलेख बायको नामी आणि दोन पोरांना घेऊन मवाब देशी पोट भरायला गेला. इथे थांबा. लेकरांना विचारा, "घर सोडून जायचं असतं तेव्हा कोण काय काय गाड्यात टाकतं?" उत्तरं येऊ द्या. माझ्या वर्गात एकदा यावर वीस मिनिटं गेली: तवा, काटवट, पाण्याचा ड्रम, कोंबडीची खुराडी, शेळी, आज्जीला कुठे ठेवायचं यावरचं भांडण. मी गोष्ट पुढे नेलीच नाही, आणि तो माझा सगळ्यात चांगला तास होता. पवित्र शास्त्रातली माणसं आपल्यासारखीच बोचकी बांधून निघतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. तिकडे परक्या मुलखात नामीचा नवरा वारला, दोन्ही मुलं वारली. ती परत निघाली तेव्हा तिच्या मवाबी सुनेने, रूथने, तिला सोडलं नाही. परत आलेली नामी गावातल्या बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण देवाने माझं आयुष्य कडू केलं. हे वाक्य गाळू नका. गाळण्याचा मोह होतो, लेकरांसमोर देवाविरुद्धची तक्रार कशाला, असं वाटतं. पण ते शास्त्रात आहे, आणि देवाने त्यासाठी नामीला शिक्षा केलेली नाही.

दुसरा रविवार सरव्याचा. सरवा म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या लेकराला शिकवायची गरज नाही. सोयाबीन काढल्यावर, तूर काढल्यावर, ज्वारीची कणसं मोडल्यावर मागे राहिलेलं वेचायला ती स्वतः गेलेली असतात. त्यांना विचारा, सरवा वेचताना कुणी हाकललं होतं का? बांधावरून कुणी ओरडलं होतं का? मग सांगा की मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, देवाने शेतमालकाला बजावलं आहे: शेताच्या कडा पुरत्या कापू नकोस, पडलेलं वेचू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. सरवा ही मालकाची मेहरबानी नव्हती, देवाने दिलेला हक्क होता. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचत होती, तो बवाज तर आणखी पुढे गेला. त्याने कापणी करणाऱ्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाका आणि तिला कुणी टाकून बोलू नका. ज्या लेकराला बांधावरून कुणी हाकललंय, त्याचा चेहरा या वाक्याला बघा. देव कोणाच्या बाजूला उभा आहे हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या रविवारी खळ्यावरचा प्रसंग आहे. तो लहानांसमोर थोडक्यात सांगा: नामीने रूथच्या घरासाठी आसरा शोधला, आणि बवाजने शब्द दिला. तिथे फार रेंगाळायचं कारण नाही.

चौथ्या रविवारी बाळ जन्माला येतं, ओबेद. त्याचा मुलगा इशाय, इशायचा दावीद. मग मत्तयचा पहिला अध्याय उघडून येशूच्या वंशावळीत रूथचं नाव एखाद्या मोठ्या मुलीला शोधायला लावा. परक्या देशातून आलेली, शेतात सरवा वेचणारी विधवा प्रभूच्या आज्यांमध्ये आहे. ते नाव बोटाने दाखवताना मुलीचा आवाज बदलतो, मी दरवर्षी ऐकते.

आणि इथून सरळ नाताळकडे जाता येतं, कारण तेच बेथलेहेम पुढे आहे. शिरगणतीसाठी घर सोडून निघालेली मरीया आणि योसेफ, उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत. ज्या लेकरांनी बैलगाडीच्या टोळीबरोबर फडावर दिवस काढलेत, त्यांची कोपी बैलांच्या दावणीशेजारीच असते आणि गव्हाणीत उसाचं वाढं असतं. एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, त्याच्या गव्हाणीत वाढं होतं का कडबा?" मी म्हटलं, शास्त्रात सांगितलेलं नाही, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "कडबा टोचतो. वाढंच असंल." त्या डिसेंबरमध्ये तो फडावर होता, आणि त्याच्या आईने परत आल्यावर सांगितलं की पंचवीस तारखेला त्याने बैलापुढचं वाढं नीट सारखं करून ठेवलं होतं.

रूथ झाल्यावर पुढच्या महिन्यांसाठी अशाच गोष्टी निवडा ज्यांतली वस्तू लेकरांच्या हाताखालची आहे. पेरणाऱ्याचा दाखला पेरणीच्या आठवड्यात सांगा आणि तिफणीमागे चाललेल्या मुलालाच विचारा की वाटेवर, खडकाळीत, काट्यांत पडलेल्या बीचं काय होतं. तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. हरवलेलं मेंढरू सांगताना धनगर वाड्याकडे बोट दाखवा. मिसरातल्या दास्यात विटा पाडणाऱ्या इस्राएल लोकांची गोष्ट निर्गमच्या पाचव्या अध्यायात आहे. पेंढा देणं बंद केलं, पण विटांची संख्या तेवढीच मागितली. मराठी शास्त्रात तिथे शब्दच मुकादम असा आहे. तो शब्द ऐकून मोठी मुलं मान वर करतात. इथे एक सावधगिरी: तुमच्याच मंडळीत कुणी मुकादम असेल, त्याचं लेकरू समोर बसलेलं असेल. माणसावर बोट ठेवू नका. देव राबणाऱ्यांचं ओरडणं ऐकतो, हे सांगा.

तीन गोष्टी तोंडपाठ

दिवाळीच्या आधी प्रत्येक लेकराला तीन गोष्टी न बघता आल्या पाहिजेत: प्रभूची प्रार्थना, एक स्तोत्र आणि एक गाणं.

स्तोत्र म्हणून बहुतेकजण तेविसावं घेतात आणि ते चांगलंच आहे. आम्ही मात्र १२१ वं घेतो. आठच ओव्या आहेत. यरुशलेमेला यात्रेला जाणारे लोक वाटेवर जी पंधरा स्तोत्रं म्हणत, त्यांतलं हे एक. रात्री झोपत नाही असा राखणदार त्यात आहे, आणि शेवटी देव तुझं जाणं आणि येणं राखील असं वचन आहे. निघणाऱ्या लेकराला यापेक्षा नेमकं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पाठ कसं करायचं? आठवड्याला एक ओवी, दोन महिने. जात्यावरच्या ओवीची चाल लावा. आज्जीला वर्गात बोलवा, तिला चाल बरोबर ठाऊक असते. ज्यांना वाचता येत नाही ती लेकरं चालीवर इतरांच्या आधी पाठ करतात, आणि वर्गात एकदा तरी पुढे असण्याचा आनंद त्यांना मिळतो.

पाठ केलेलं म्हणून दाखवण्यासाठी एकेकाला उभं करू नका. अडखळणाऱ्याला सगळ्यांपुढे अडखळायला लावलं तर त्याच्या मनात ते वचन लाजेला चिकटून बसतं. जोडीजोडीने म्हणू द्या.

स्वतःची प्रार्थनाही शिकवा. चार वाक्यं: देवा, तू इथं आहेस. आज मला याची भीती वाटते. आज मला याचा आनंद झाला. माझ्या माणसांना सांभाळ. मधल्या दोन वाक्यांत लेकराने स्वतःचं घालायचं. त्या नऊ वर्षांच्या मुलीला मी दारात उभ्या उभ्या हीच सांगितली होती, त्याहून जास्त काही सुचलं नव्हतं.

अवघड प्रश्न आला तर

येणारच. कुणाच्या घरात कर्जापायी कुणी जीव दिलेला असतो, कुणाचं भावंड फडावर ट्रॅक्टरखाली गेलेलं असतं. लातूर, धाराशिवकडच्या घरांत अजून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं बोलणं निघतं. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेतच गेली, आणि त्यात प्रार्थना करणारी माणसंही होती. लेकरू विचारतं, देवाने असं का होऊ दिलं? आमच्या पापामुळं का?

"देवाची इच्छा" असं म्हणून विषय मिटवू नका. हात जोडून सांगते, नका. बाप गेलेल्या लेकराने ते ऐकलं तर त्याच्या मनात देव हा बाप नेणारा होऊन बसतो, आणि तो तुम्हाला पुन्हा विचारायलाही येणार नाही.

त्याऐवजी शास्त्र उघडा. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचं येशू स्वतः काढतो आणि विचारतो, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? आणि उत्तर देतो, नाही. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. पडलेल्या घराखाली गेलेल्यांवर बोट ठेवणं प्रभूने स्वतः नाकारलंय, हे लेकराला स्पष्ट शब्दांत सांगा. पुढे, मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, हेही सांगा. 'का' याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, असं म्हणायला घाबरू नका. आणि नामी आठवा. स्तोत्रसंहितेत 'किती काळ, प्रभू?' असं विचारणारं तेरावं स्तोत्र आहे. ते लेकराबरोबर मोठ्याने म्हणा. तक्रार हीसुद्धा प्रार्थना आहे, हे ज्याला लहानपणी कळलं त्याला मोठेपणी देवापासून तोंड लपवावं लागत नाही.

तास संपल्यावर त्या घरी जा. रविवारी संध्याकाळीच जा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

पाण्याचे प्रश्नही इथे नेहमी निघतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, मोठ्या मुलांनी ते घरात ऐकलेलं असतं. यहूदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतली स्त्री विहिरीवर भर दुपारी एकटीच का आली असेल, आणि येशूने तिच्या हातचं पाणी मागितलं यात काय मोठं होतं, हे आपल्याकडच्या आज्ज्यांना विचारा. ज्यांना विहिरीपासून लांब उभं केलं जायचं, त्यांना हे मागणं काय होतं ते बरोबर कळतं. या गोष्टीला मी आज्जीला वर्गात बसवते आणि स्वतः गप्प राहते.

घरातले आणि शेजारचे

आपल्या लेकरांचं अर्धं गणगोत ख्रिस्ती नसतं. मामाच्या घरी जय भीम म्हणतात, आत्याच्या घरी गौरी बसतात, आज्जी अजून मरीआईला नारळ ठेवते. त्या कुणाबद्दलही वर्गात वाईट बोलू नका. लेकरू आज्जीवर आणि तुमच्यावर दोघींवर प्रेम करतं. त्याला निवडायला लावलं तर ते आज्जीला निवडेल, आणि बरोबरच करेल. प्रभूबद्दल सांगण्यासारखं इतकं आहे की दुसऱ्याच्या देवाबद्दल बोलायला वेळ उरायला नको. शाळेच्या दाखल्यावर काय धर्म, काय जात लिहिली आहे, हेही चारचौघांत विचारू नका. त्या एका ओळीमागे घराघरात जुने निर्णय आणि जुन्या अडचणी आहेत.

शेजारची इतर धर्मांची लेकरं गाण्यासाठी येतात. त्यांच्या आईबापाला आधी भेटा, इथे काय शिकवतो ते उघड सांगा, ते हो म्हणाले तरच बसवा. खाऊ, वह्या, कपडे यांचं आमिष कधीही नको, आणि खाऊ वाटलाच तर सगळ्यांना सारखा.

तुम्ही मिशनच्या शाळेत शिक्षक असाल तर एक वेगळी बाब लक्षात ठेवा. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते देता येतं, पण मुलाला त्यात बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलासाठी पालकाची संमती लागते. ती लेखी घ्या आणि फाइलला लावा. ज्यांची संमती नाही त्यांना त्या तासाला ग्रंथालयात किंवा मैदानावर नीट जागा द्या, व्हरांड्यात ताटकळत उभं करू नका. सक्तीने ऐकलेली सुवार्ता ही सुवार्ता राहत नाही, त्यामुळे हा नियम मला कधी अडचणीचा वाटलेला नाही.

लेकरांची सुरक्षितता

हे थोडक्यात, पण यात सूट नाही. वर्गात दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं. एखाद्या लेकराला एकट्याला घरी बोलावू नका, गाडीवर एकट्याला नेऊ नका. मारायचं नाही, कान धरायचा नाही. शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मार बंद आहे, प्रभूच्या घरात तर तो असूच नये. लेकराने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका, 'तुझी चूक नाही' म्हणा, आणि मंडळीचं नाव जाईल म्हणून दाबू नका. २०१२ च्या पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मोठ्या मुलांना आपली गोष्ट

बारा-तेराच्या पुढची मुलं विचारतात, आपण ख्रिस्ती कधी झालो? शाळेत कुणीतरी त्यांना 'इंग्रजांचा धर्म' म्हटलेलं असतं. त्यांना इथल्या माणसांची नावं सांगा. नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण घराण्यातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे जालन्यात काम करून त्यांनी जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. औरंगाबादला रतनजी नौरोजी या पारशी घरात जन्मलेल्या पाळकाने आयुष्य घातलं. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा होता, इंग्रजांचा नव्हता. मग मुलांना कामाला लावा: आपल्या घरात पहिल्यांदा प्रभूचं नाव कुणी घेतलं, कुठल्या साली, का, ते सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत उतरवा. या वह्या जपून ठेवा. आमच्याकडच्या दोन आज्ज्या आता नाहीत, त्यांचं सांगणं नातवंडांच्या अक्षरात उरलंय.

कोयता निघतो तेव्हा

निघण्याआधीचा रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवा. सगळ्यांनी मिळून १२१ वं स्तोत्र म्हणायचं, आणि राहणाऱ्या प्रत्येकाने जाणाऱ्या एकाचं नाव घ्यायचं: मार्चपर्यंत मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करीन. चिठ्ठीवर नाव लिहून घ्या, नाहीतर महिन्याभरात विसरतात. पाळकसाहेबांकडून मंडळीचं पत्र घेऊन आईबापाजवळ द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या गावात मंडळी असेल तर त्यांना तिथे ओळख दाखवता येईल. कारखान्यावर साखरशाळा (ऊसतोड्यांच्या लेकरांसाठीची शाळा) आहे का याची चौकशी करा. बापाचा मोबाइल नंबर लिहून घ्या. नाताळला मागे राहिलेल्यांनी गाणं म्हणून ते रेकॉर्ड करून पाठवायचं. फडावर रेंज नसते, पण रात्री कोपीवर आल्यावर ते पोचतं. तिकडूनही गाणं येतं, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी नवा धडा घेऊ नका. त्यांना सांगू द्या: कुठे होते, काय पाहिलं, कधी भीती वाटली, कधी प्रार्थना केली. इतरांनी फक्त ऐकायचं.

आणि वर्षाच्या शेवटी पूर्ण हजेरीचं बक्षीस देत असाल तर ते बंद करा. ते नेहमी त्याच लेकरांना मिळतं ज्यांच्या घरी शेती बागायती आहे. आम्ही हजेरीच्या वहीत त्या महिन्यांपुढे गैरहजेरीची खूण करत नाही. तिथे 'ऊ' लिहितो. ऊ म्हणजे ऊस. त्या रकान्याची बेरीज करताना 'ऊ' हजर धरायचा.